मुलगी मेकॅनिकलला घालावी का? वाट समजून घेऊ
या महिन्याचा अभ्यासपाठ



हा पाठ गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत घ्या. ज्या घरात मुलगी नववी-दहावीत आहे, त्या घरच्या ताईला आवर्जून पुढे बसवा. शक्य असेल तर मुलीलाही बोलवा.

दहावीचा निकाल लागला की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घराघरात एक मोठा निर्णय होतो. मुलगा असेल तर प्रश्न असतो, "कशाला घालायचा?" मुलगी असेल तर बऱ्याचदा प्रश्न असतो, "घालायची का?" आणि घालायची ठरली, तरी जवळचं कॉलेज, सोपी शाखा, एसटी जाते तिथे. मुलीला गणित आवडतं का, तिला सायकलची चेन बसवता येते का, घरातला मिक्सर तीच खोलून बसते का, हे कोणी विचारत नाही.

मागे एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. सर म्हणतात, मेकॅनिकल डिप्लोमाला घाला. पण मेकॅनिकल म्हणजे सगळा ग्रीसमध्ये हात. पोरीचं काम आहे का ते? आणि उद्या स्थळ कोण आणणार?" बैठकीत कोणी हसलं नाही, कारण हा प्रश्न बऱ्याच जणींच्या मनात होता. त्या ताईंचा प्रश्न आपण नीट घेऊ. त्यात खरं तर तीन प्रश्न आहेत: हे काम काय असतं, ते मुलीला झेपतं का, आणि वाट कुठून जाते.

१. मेकॅनिकल म्हणजे काय?

हलणाऱ्या यंत्रांचं शास्त्र म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंग. यंत्राचा विचार करणं, कागदावर किंवा कॉम्प्युटरवर त्याचं चित्र काढणं, भाग तयार करणं, ते जोडणं, तपासणं, बिघडलं तर का बिघडलं ते शोधणं, हे सगळं त्यात येतं.

आपल्याला हे परकं नाही. गटाची पिठाची गिरणी, मिरची कांडप, शेवयांचं मशीन, विहिरीवरचा पंप, ट्रॅक्टर, उसाचा रस काढायचा चरक, दूध डेअरीतलं कूलर, ही सगळी मेकॅनिकलची यंत्रं. ज्या ताई गिरणी चालवतात, त्यांना पट्टा सैल झाला की आवाजावरून कळतं. बेअरिंग गरम झालं की त्या हात लावून ओळखतात. शिक्षणात याच गोष्टीमागचं कारण आणि हिशेब शिकवतात.

एक हिशेब आपणच करून बघू. फळ्यावर किंवा वहीत मांडा.

गिरणीच्या मोटरवर एक लहान पुली असते आणि जात्याच्या दांड्यावर मोठी. दोघींना पट्टा जोडतो. समजा मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. मोटरची पुली ४ इंचाची आहे आणि जात्याची १२ इंचाची. तर जातं मिनिटाला किती फेरे फिरेल?

मोठी पुली लहानीच्या तिप्पट आहे. म्हणून लहान पुली तीन वेळा फिरेल तेव्हा मोठी एकदा फिरेल. १४४० भागिले ३, म्हणजे ४८०. जातं मिनिटाला ४८० फेरे फिरतं. वेग तीन पट कमी झाला, पण फिरवण्याचा जोर जवळजवळ तीन पट वाढला. म्हणूनच दाणे अडकले तरी जातं सहज थांबत नाही.

हा हिशेब सातवीच्या गुणोत्तराचा आहे. तो ज्या मुलीला जमला, ती मेकॅनिकलच्या पहिल्या पायरीवर उभी आहे. पुढे तिला गिअर, इंजिन, पंप, धातूचे गुणधर्म, उष्णता आणि ड्रॉइंग शिकायचं असतं. ड्रॉइंग म्हणजे एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल ते मापासह काढणं. ब्लाउज बेतताना पुढचा भाग, पाठ आणि बाही वेगवेगळी कागदावर काढून मग जोडतात ना, डोक्याला लागणारा व्यायाम तसाच.

२. ताकदीचा प्रश्न

"जड काम आहे, पोरीला झेपणार नाही," हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. यात दोन गोष्टी बघा.

पहिली, कारखान्यात जड वस्तू पुरुषही हाताने उचलत नाहीत. त्याला क्रेन असते, चेन-पुली असते, ट्रॉली असते. पाठीवर ओझं घेऊन काम करायला लागू नये, म्हणून तर ही यंत्रं बनवली. ज्या बाई डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन चढण चढतात, त्यांच्या मुलीला "झेपणार नाही" म्हणताना थोडं थांबून विचार करा.

दुसरी, आजच्या कारखान्यात बरंचसं काम बारकाईचं आहे. व्हर्निअर कॅलिपर नावाचं एक मोजमापाचं साधन असतं. त्यावर मिलिमीटरचे पन्नास भाग करून एक भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर इतकं बारीक मोजता येतं. मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर मोजता येतं. आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड असतो. एखादा भाग केसाहून कमी फरकाने मोठा झाला तरी तो बाद होतो. अशा कामाला लक्ष, हातातली स्थिरता आणि नोंद ठेवण्याची सवय लागते. ज्या सचिव ताई वर्षभराचं हिशेबाचं रजिस्टर एक रुपया न चुकता जुळवतात, त्यांना ही सवय काय असते ते सांगायला नको.

हात काळे होतात का? होतात, विशेषतः शिकताना आणि दुरुस्तीच्या कामात. साबणाने धुतले की निघतात. उन्हात खुरपणी करून, शेण काढून, भट्टीवर भाकऱ्या भाजून हात खराब होतात, ते आपण कधी मोजत नाही.

३. पहिली कोण होती?

आता एका बाईंची गोष्ट. ती बंगालमधली आहे, आणि ती त्याच मातीत समजून घ्यावी लागेल.

इला मजुमदार यांचा जन्म १९३० मध्ये पूर्व बंगालमधल्या मदारीपूरला झाला. तो भाग आज बांगलादेशात आहे. वडील सरकारी अधिकारी होते, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. मुलगी म्हणून त्यांनी तिला अडवलं नाही. ती लहानपणीच सायकल शिकली आणि सोळाव्या वर्षी जीप चालवायला शिकली. त्या काळात हे किती वेगळं होतं, त्याचा अंदाज करा. आजही आपल्या गावात सोळा वर्षांची मुलगी ट्रॅक्टरवर बसली तर लोक मागे वळून बघतात.

कोलकात्याजवळ हावड्याला शिबपूर इथे बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज होतं. तिथे मुलींना प्रवेश नव्हता. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, सरकारने हे दार मुलींसाठी उघडलं. दोन मुलींनी प्रवेश घेतला. त्यातली एक दुसऱ्या वर्षी बाहेर पडली. मग शेकडो मुलांच्या त्या कॉलेजात इला एकट्या उरल्या. मुलींचं वसतिगृह नव्हतंच, कारण मुलीच नव्हत्या. १९५१ मध्ये त्या मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडल्या. भारतातल्या पहिल्या महिला मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

पदवी झाली, आता कारखान्यात प्रत्यक्ष शिकायचं होतं. पण इथल्या कारखान्यात एका मुलीला शिकाऊ म्हणून ठेवणं त्या वेळी योग्य मानलं जात नव्हतं. म्हणून त्या स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला बार अँड स्ट्राउड या कंपनीत शिकायला गेल्या. परत आल्यावर डेहराडूनच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, म्हणजे सैन्यासाठी साहित्य बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात काम केलं. पुढे दिल्लीच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. लग्नानंतर त्या इला घोष झाल्या आणि कोलकात्याला आल्या. तिथे मुलींसाठी पॉलिटेक्निक सुरू झालं, तेव्हा त्याच्या पहिल्या प्राचार्य त्याच झाल्या. १९८५ मध्ये बांगलादेशात ढाक्याला मुलींचं पॉलिटेक्निक उभं करण्याच्या कामासाठीही त्यांना बोलावण्यात आलं. जिथे त्या जन्मल्या, त्या देशातल्या मुलींसाठी.

या गोष्टीत हुशारी तर आहेच. पण बैठकीत एवढं बघा की प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी दार उघडलं. घरात वडिलांनी, कॉलेजात सरकारच्या निर्णयाने, प्रशिक्षणात परदेशातल्या कंपनीने. एक दार जरी बंद राहिलं असतं, तरी बाकीची हुशारी घरातच राहिली असती. आणि ज्यांना दार उघडून मिळालं, त्यांनी पुढे मुलींसाठी अख्खं पॉलिटेक्निक उभं केलं.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. १९७४ मध्ये टेल्को कंपनीने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि त्यात मुलींनी अर्ज करू नये असं लिहिलं. बंगळूरला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून विचारलं की हा भेद कशासाठी? त्यांना मुलाखतीला पुण्याला बोलावलं आणि नोकरी मिळाली. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांचं शिक्षण इलेक्ट्रिकलचं होतं, पण कारखान्याच्या आत मुलगी इंजिनिअर म्हणून जाऊ शकते हे त्या पोस्टकार्डाने दाखवून दिलं. त्या हुबळीला इंजिनिअरिंग शिकत होत्या तेव्हा कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. टेल्कोचं नाव पुढे टाटा मोटर्स झालं. आज त्यांच्या पुण्याच्या कारखान्यात गाड्या जोडणारी एक संपूर्ण लाइन महिला चालवतात.

४. आजची वाट: पाच वळणं

आता आपल्या मुलीकडे येऊ. वाटेवर पाच वळणं आहेत. प्रत्येक वळणावर मुली गळतात, म्हणून एकेक समजून घेऊ.

पहिलं वळण: दहावीनंतर कुठे?

तीन रस्ते आहेत.

आयटीआय: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मेकॅनिकल ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे एक वर्षाचे. हाताने काम शिकवणारं, लवकर कमावतं करणारं शिक्षण. मुली बहुतेक शिवणकाम, ब्युटी पार्लर किंवा कोपा घेतात. ते वाईट नाही. पण मेकॅनिकलचे ट्रेडही मुलींसाठी खुले आहेत, हे अर्ज भरताना सांगायला कोणी नसतं.

डिप्लोमा: पॉलिटेक्निकमधला तीन वर्षांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो, वेगळी परीक्षा नाही. डिप्लोमा झाल्यावर नोकरी करता येते किंवा इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

बारावी सायन्स: गणित, भौतिक आणि रसायन घेऊन बारावी, मग सीईटी परीक्षा, मग चार वर्षांची पदवी.

रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत. दोन वर्षांचं आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून पदवीला. म्हणजे आज पैसे नाहीत म्हणून आयटीआय घेतलं, तर पदवीचं दार कायमचं बंद होत नाही. आधी कमवून मग शिकणाऱ्या मुलींसाठी ही मोठी सोय आहे.

दुसरं वळण: प्रवेश

राज्यातल्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. मेकॅनिकल शाखेत मुलींचे अर्ज कमी येतात, म्हणून मुलीला चांगल्या सरकारी संस्थेत जागा मिळण्याची शक्यता वाढते. सरकारी संस्थेला पहिली पसंती द्या. तिथे फी कमी असते आणि वर्कशॉपही बहुधा बरं असतं.

अर्ज ऑनलाइन असतो आणि मुदत कमी असते. म्हणून कागदपत्रं निकालाच्या आधीच तयार ठेवा: शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर, मुलीच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात जून महिन्यात गर्दीत अडकतो. एप्रिलमध्येच काढा.

संस्थेत जाऊन दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा: मुलींचं स्वच्छतागृह आणि वर्कशॉप. वर्कशॉपमधली मशीन चालू आहेत की धूळ खात पडली आहेत, ते बघा. आणि काउंटरवर कोणी म्हणालं, "मुलगी आहे, मेकॅनिकल कशाला, कॉम्प्युटर घ्या," तर शांतपणे सांगा, "तिला हेच हवंय." कॉम्प्युटर घ्यायचं की मेकॅनिकल, ते मुलीने ठरवायचं आहे.

तिसरं वळण: पैसे

इथे आपल्या गटाचा सगळ्यात जास्त संबंध येतो. आधी सरकारी मदत बघू.

महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या वर्षापासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्ती आहेत. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून घेतलेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी मिळत नाही. आपल्या मुलीचा अभ्यासक्रम योजनेत बसतो का, ते प्रवेश निश्चित करण्याआधी विचारा.

केंद्राची "प्रगती" शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. एआयसीटीई मान्य संस्थेत डिप्लोमा किंवा पदवीला असलेल्या मुलीला वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत अर्ज करता येतो, उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. निवड गुणांवर होते.

घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. राज्याच्या बऱ्याच योजनांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही हिशेबात धरा.

पण शिष्यवृत्ती उशिरा येते, आणि खर्च पहिल्याच महिन्यात सुरू होतो. वसतिगृहाची अनामत, ड्रॉइंगचं साहित्य, वर्कशॉपचा गणवेश आणि जाड बूट, पुस्तकं, खाणावळ. नेमकं इथे मुली परत फिरतात. फी माफ असूनसुद्धा.

म्हणून गटाचं अंतर्गत कर्ज. समजा एका ताईने मुलीच्या पहिल्या वर्षासाठी १२ हजार घेतले. व्याज महिना शेकडा १ रुपया, परतफेड बारा हप्त्यांत, दर महिन्याला १ हजार मुद्दल. पहिल्या महिन्याला व्याज १२० रुपये, दुसऱ्या महिन्याला ११०, असं कमी होत शेवटच्या महिन्याला १०. वर्षभराचं व्याज एकूण ७८० रुपये. तेच पैसे बाहेरून शेकडा ५ ने घेतले, तर ह्याच हिशेबाने व्याज ३ हजार ९०० होतं. तुमच्या गटाचा दर वेगळा असेल तर तो घालून पुन्हा मांडा.

आता एक प्रामाणिक प्रश्न. आपल्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडा. गेल्या तीन वर्षांत मुलीच्या लग्नासाठी किती कर्ज दिलं आणि मुलीच्या शिक्षणासाठी किती? दोन्ही आकडे शेजारी लिहा. मी इथे काही सांगत नाही, आकडेच सांगतील. लग्नासाठी कर्ज मागितलं की बैठकीत कोणी प्रश्न विचारत नाही. शिक्षणासाठी मागितलं की "परतफेड कोण करणार, ती तर सासरी जाणार," हे ऐकू येतं. पण लग्नाच्या कर्जाचीही परतफेड आईच करते. डिप्लोमा झालेली मुलगी निदान स्वतः हातभार लावू शकते.

चौथं वळण: कारखान्याचं दार

शिक्षण झाल्यावर शिकाऊ उमेदवारी असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपन्या उमेदवार घेतात, महिन्याला विद्यावेतन देतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. आयटीआय आणि डिप्लोमा दोन्हींसाठी ही सोय आहे. पहिल्या नोकरीला हा अनुभव फार उपयोगी पडतो.

काम कुठे मिळतं? चाकण, रांजणगाव, वाळूज, नाशिकचं सातपूर-अंबड, कोल्हापूरजवळचं शिरोली आणि गोकुळ शिरगाव, नागपूरजवळचं बुटीबोरी, असे औद्योगिक पट्टे आहेत. कामं अनेक तऱ्हेची: सीएनसी मशीन चालवणं, तयार मालाची तपासणी, कॉम्प्युटरवर डिझाइन, उत्पादनाचं नियोजन, देखभाल. डिप्लोमा झालेली मुलगी रेल्वे आणि केंद्र सरकारच्या ज्युनिअर इंजिनिअर परीक्षांना बसू शकते. गावाकडे राहायचं असेल तर साखर कारखाना, दूध प्रक्रिया, शेती अवजारांची दुरुस्ती, हेही काम आहेच.

अडचणी लपवायच्या नाहीत. सुरुवातीचा पगार कमी असतो. बऱ्याच ठिकाणी मुलगी एकटी किंवा दोघी-तिघींत असते. काही ठिकाणी मुलींना मशीनवर न ठेवता टेबलावर बसवतात, आणि मग पाच वर्षांनी "हिला मशीनचा अनुभव नाही" म्हणून बढती अडते. मुलीला सांगा, पहिली दोन वर्षं मशीनजवळचंच काम मागून घे.

रात्रपाळीचा प्रश्न घरच्यांना सगळ्यात जास्त सतावतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत काम देता येईल असं कलम होतं. पुढे त्यात सूट आली ती अटींसह: बाईची संमती, सुरक्षितता, येण्या-जाण्याची सोय. म्हणून मुलाखतीतच विचारायचं, पाळी कोणती, गाडी आहे का, राहण्याची सोय कुठे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असं २०१३ चा कायदा सांगतो. मुलीने कामावर रुजू होतानाच समितीत कोण आहे ते विचारून वहीत लिहून ठेवावं.

पाचवं वळण: लग्न आणि बाळंतपण

आता त्या ताईंचा शेवटचा प्रश्न, स्थळाचा. खरं सांगायचं तर काही घरं नाक मुरडतील. कमावत्या, स्वतःच्या पायावर उभ्या मुलीला मागणी घालणारी घरंही आहेत, आणि ती वाढत आहेत. पण स्थळासाठी मुलीचं शिक्षण ठरवू नका. मुलगी सासरी गेल्यावर नवरा आजारी पडला, शेती बुडाली, घरातून बाहेर काढलं, तर तिच्या हातात काय असेल? आपल्या गटात अशा प्रसंगातून गेलेल्या ताई आहेत. त्यांनाच विचारा, त्या वेळी हातात एखादं कौशल्य असतं तर काय झालं असतं.

बाळंतपणात नोकरी जाते, असं समजून मुली स्वतःच राजीनामा देतात. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये बदल झाला. आता पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. मुलीला, जावयाला आणि विहीणबाईंना हे माहीत हवं. बाळ सांभाळायला आजी दोन वर्षं पुढे आली, तर मुलीची पंधरा वर्षांची नोकरी वाचते. इथे दार उघडणारी व्यक्ती आपणच आहोत, आई म्हणून किंवा सासू म्हणून.

५. गटाने करायची चार कामं

एक. ग्रामसंघाच्या बैठकीत नववी-दहावीतल्या मुलींची यादी करा. कोणाला गणित-विज्ञान आवडतं, कोण घरातली यंत्रं उघडून बघते, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

दोन. जवळच्या सरकारी आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला मुली आणि आया मिळून एक दिवस भेट द्या. आधी फोन करून वेळ घ्या. वर्कशॉप बघा, तिथे शिकणाऱ्या मुलींशी बोला. आईने लेथ मशीन चालू असताना बघितलं की अर्धी भीती तिथेच जाते.

तीन. अंतर्गत कर्जाच्या नियमात मुलींच्या शिक्षणाचा वेगळा विषय लिहून घ्या. प्रवेशाच्या दिवसांत असं कर्ज आधी मंजूर करायचं, असा ठराव करा आणि इतिवृत्तात नोंदवा.

चार. एकाच गावातून एकीऐवजी दोघी-तिघी मुली सोबत जाऊ द्या. शिबपूरच्या कॉलेजात दुसरी मुलगी निघून गेल्यावर इला एकट्या राहिल्या. सगळ्यांना तसं राहता येत नाही. खोली एकत्र, एसटीचा प्रवास एकत्र, अभ्यास एकत्र असला की वर्ष मध्येच सोडून येण्याची वेळ कमी येते.

चर्चेसाठी प्रश्न

१. मोटरची पुली ५ इंचाची आणि कांडप यंत्राची १० इंचाची आहे. मोटर १४४० फेरे फिरते. कांडप यंत्र किती फिरेल? मुलींना सोडवू द्या, मग आपण तपासू.
२. पाच वळणांपैकी आपल्या गावातल्या मुली कोणत्या वळणावर जास्त गळतात? नावं न घेता बोला.
३. कर्ज रजिस्टरमधले ते दोन आकडे काय निघाले? त्यावर गटाला काय वाटतं?
४. आपली सून मेकॅनिकल इंजिनिअर असेल आणि तिला पाळीवर जावं लागत असेल, तर आपण काय म्हणू? मुलीसाठी एक आणि सुनेसाठी दुसरं, असं होतंय का?

चौथा प्रश्न घाईत उरकू नका. चर्चेतले मुद्दे सचिव ताईंनी इतिवृत्तात लिहावेत आणि पुढच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत मांडावेत. कोणत्या मुलीला प्रवेशाच्या अर्जासाठी मदत हवी असेल, तर तिचं नाव आणि इयत्ता त्याच बैठकीत माझ्याकडे द्या. दाखले काढण्यापासून सुरुवात करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक